नकार कुठल्या दारातून आला?

पत्र लिहून प्रश्न विचारणारा मुलगा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आहे. वय 27, बी.कॉम., टॅली येतं, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये दोन वर्षं कंत्राटी नोकरी केलेली. गेल्या दीड वर्षात त्याने चौदा ठिकाणी अर्ज केले, सहा मुलाखती दिल्या, हाती काहीच नाही. त्याचं म्हणणं, सगळी सेटिंग आहे. आडनाव बघतात, गाव बघतात आणि शेवटी बाहेरच्याला घेतात. थोरल्या भावाचं म्हणणं, "तुझा अ‍ॅटिट्यूडच तसला, तोंड वाकडं करून गेलास तर कोण घेणार?" त्यातच ठरत आलेली सोयरीक फिसकटली, आणि शाळेतले मित्र पावसात चोर्ल्याला गेले तेव्हा याला कोणी हाक मारली नाही. शेवटी एक ओळ आहे: मामांची एका कंपनीत ओळख आहे, लावू का?

तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. अठ्ठावीस वर्षं मी गोव्यातल्या कारखान्यांत माणसं घेण्याचं काम केलं, आधी कुंडईला, मग वेर्ण्याला. तेव्हा त्याला पर्सोनेल म्हणत, नंतर एचआर म्हणायला लागले; टेबल तेच राहिलं. त्या टेबलाच्या आतल्या बाजूला काय चालतं ते सांगते, कारण तू आणि तुझा भाऊ दोघंही बाहेरून अंदाज बांधताय.

तू चौदा नकारांची एक मोट बांधली आहेस आणि तिच्यावर "अन्याय" अशी चिठ्ठी लावली आहेस. भावाने तीच मोट उचलून चिठ्ठी बदलली, "अ‍ॅटिट्यूड". भांडण फक्त चिठ्ठीवरून चाललंय. मोट सोडून बघायचं दोघांनाही सुचलेलं नाही. ती सोडूया.

चौदापैकी आठ ठिकाणांहून तुला काही उत्तरच आलं नाही. या आठांनी तुला पाहिलेलं नाही. तू वाकडं तोंड करून बसलास की हसत बसलास, त्यांना काय ठाऊक? ज्याने माणूस बघितला नाही त्याला त्याचा अ‍ॅटिट्यूड दिसत नाही. म्हणजे भावाचं कारण या आठांना लागूच पडत नाही, हे त्याला सांग. पण म्हणून तुझं कारण आपोआप खरं ठरत नाही. तिथे काय झालं असेल ते आमच्याकडची पद्धत सांगितली की कळेल.

स्टोअर असिस्टंटच्या एका जागेसाठी आमच्याकडे दीडशे-दोनशे अर्ज सहज यायचे. ते सगळे कोणी वाचत नाही. आमच्या कारखान्याची बस फोंड्याहून निघायची, ठरलेल्या थांब्यांवरून माणसं उचलत वेर्ण्याला पोचायची. पहिली चाळणी पत्त्याची. दुसऱ्या शिफ्टला रात्री सुटल्यावर जो घरी पोचू शकणार नाही त्याचा अर्ज बाजूला. तुमच्या सत्तरीतला, वाळपईच्या पुढचा पत्ता दिसला की मी तो अर्ज उलटा करून ठेवायची; आत काय लिहिलंय ते बघायच्या आधी. यात कोणी दुष्ट नव्हतं. बसचा रस्ता आखताना कोणी सत्तरीचा द्वेष केला नव्हता. तरी त्या रस्त्याने किती पोरांच्या नोकऱ्या ठरवल्या आणि किती पोरं घरी बसून आपल्या आडनावाला दोष देत राहिली, याचा हिशेब माझ्याकडे नाही. तुझ्या आठांतली दोन-तीन पाकिटं अशी उलटी पडली असतील असं मला वाटतं. यावर उपाय तुझ्या हातात आहे आणि तो साधा आहे: अर्जाच्या वरच लिही की दुचाकी आहे, शिफ्टला येऊ शकतो, गरज पडली तर वेर्ण्याजवळ खोली घेऊन राहीन. खरं असेल तरच लिही.

आता जे लिहायला जड जातं ते. एका कारखान्यात आमच्या वरच्या साहेबांचं तोंडी फर्मान होतं की गणेश चवथीला पाच दिवस, शिगम्याला दोन दिवस आणि गावच्या जत्रेला एक दिवस गायब होणारी माणसं नकोत. कागदावर अर्थातच काही नव्हतं. मी अर्जांचे दोन गठ्ठे करायची, एकाला साधा रबर, दुसऱ्या रबरात पिवळी चिठ्ठी खोचलेली. पिवळ्या चिठ्ठीचा गठ्ठा म्हणजे इथलीच माणसं. पहिल्या गठ्ठ्यात कोणी सापडलं नाही तरच तो उघडायचा. मी स्वतः म्हार्दोळची, म्हणजे इथलीच. माझ्या घरी चवथीला मखर लागतं, आणि मीही तेव्हा रजा टाकायची. तरी तो रबर मीच लावायची. कोणी विचारलं तर "योग्य उमेदवार मिळाला" असं छापील उत्तर जायचं. साडेतीन वर्षं हे केलं. तुझ्यासारखा कोणी म्हणतो की सेटिंग असते, तेव्हा मला तो पिवळा कागद दिसतो. खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"बाहेरच्याला घेतात" हेही खरं आहे, पण त्याच्यावर मेहरबानी म्हणून घेत नाहीत. तो वसाहतीच्या शेजारी एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो, ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही, चवथीला त्याला जायला घर जवळ नसतं, आणि काम संपलं की कंत्राटदाराला एक फोन करून त्याला काढता येतं. त्याच्यावरही अन्यायच चालू असतो. त्याच्यावर चिडून तुझ्या हाताला काही लागणार नाही.

आडनावाचं म्हणशील तर तेही हवेतलं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना 66 आठवडे अर्ज पाठवून पाहिले. 548 जाहिराती, 4,808 अर्ज. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. 2007 साली त्यांनी निष्कर्ष छापले: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला साधारण एक-तृतीयांश. त्या कागदांना अ‍ॅटिट्यूड नव्हता, कागदच ते. पण दोन वर्षांनी, 2009 साली, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात अशाच पद्धतीने केलेला अभ्यास आला. त्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीच्या नावावरून फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र ओबीसी नावांना कमी बोलावणी आली. जात तीच, साधारण मुलूख तोच, एका दारात भेद दिसला, शेजारच्या दारात दिसला नाही. म्हणूनच मी मोट सोडायला सांगते.

गोव्यात हा भेद आणखी घरगुती रूपात येतो. मुलाखतीत आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न, "तूं खंयचो?" (तू कुठला?) आणि त्याच्या मागोमाग "कोणालो रे?" विचारणाऱ्याला वाटतं आपण आपुलकीने विचारतोय. पण कोणाचा मुलगा हे कळल्यावर खोलीतली हवा बदलते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. कधी उमेदवाराच्या बाजूने, कधी विरुद्ध. हा प्रश्न मी माझ्या मुलाखतींतून काढून टाकला. दहा प्रश्न आधी लिहून ठेवायचे, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्यायचे. अशा बांधीव मुलाखतीतून पुढचं काम जास्त नीट ओळखता येतं, हे माणसं निवडण्याच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. आमच्या साहेबांना मात्र ते शाळेच्या परीक्षेसारखं वाटायचं. त्यांना "माणूस दोन मिनिटांत कळतो". कळायचा तो त्यांचा मूड.

आता तुझ्या सहा मुलाखती. तूच लिहिलंयस की दोन ठिकाणी पाच मिनिटांत उठवलं. तिथे बहुतेक माणूस आधीच ठरला होता आणि तुला फक्त नोंद पुरी करायला बोलावलं. असं आम्हीही केलंय. या दोन तू सेटिंगच्या खात्यात टाक, मी हरकत घेणार नाही. उरल्या चार. चारही ठिकाणी वीस मिनिटांच्या वर बसवलं, कामाचं विचारलं, आणि चारही ठिकाणी पुढे काही झालं नाही. चार वेगळ्या कंपन्या, चार वेगळ्या पॅनेल, एकमेकांना न ओळखणारी माणसं. या चारांपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण तू लिहिलेलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "मागची नोकरी का सोडली विचारल्यावर मी खरं ते सगळं सांगितलं."

सगळं म्हणजे किती, रे?

2019 मधला एक मुलगा सांगते. डिचोली तालुक्यातला, खाणीवर वे-ब्रिजच्या काट्यावर कारकून होता. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या, आणि हा घरी बसला. आमच्याकडे स्टोअरला काट्याचंच काम होतं: आलेला माल तोलायचा, चलनाशी ताळा घालायचा. कागदावर त्याच्याहून योग्य माणूस नव्हता. लेखी चाचणीत त्याने चलनातली मुद्दाम पेरलेली चूक सर्वांत आधी पकडली. मग साहेबांनी विचारलं, मागची नोकरी का सोडली? तो म्हणाला, "सोडली नाही. तुम्ही लोकांनी बंद केली."

खोलीत आम्ही तिघं होतो. प्रॉडक्शनचे साहेब बाहेरून आलेले, त्यांना खाणी म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. अकाउंट्सचा माणूस होता, त्याच्या सख्ख्या भावाचे खाणीवरचे दोन ट्रक अंगणात हप्त्यासकट उभे होते. आणि मी. "तुम्ही लोक" आमच्यात कोणीच नव्हतं. मुलगा पुढे सहा-सात मिनिटं बोलला: एनजीओ, सरकार, कंपनीने ग्रॅच्युइटी कशी लटकवली, सुपरवायझर कसा आधीच सटकला. त्यातला शब्दन् शब्द खरा असेल. बोलताना त्याचा उजवा हात टेबलावरच्या पेपरवेटवर होता आणि तो ते गोल गोल फिरवत होता. प्रॉडक्शनच्या साहेबांचं लक्ष त्या पेपरवेटवरच होतं. तो गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "हा पहिल्या महिन्यात गेटवर माणसं जमवेल." अकाउंट्सवाला गप्प. मीही गप्प. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: अ‍ॅटिट्यूड.

त्याला नाकारणं बरोबर होतं का? माझ्या मते नव्हतं. चाचणीचे गुण टेबलावर होते, मी त्यांच्यासाठी भांडायला हवं होतं. त्याच्या बोलण्यामुळे आम्हाला नाकारायला सोपं गेलं का? हो, फार सोपं गेलं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तू व तुझा भाऊ त्यातली एकेक धरून बसलाय. पुढे वर्षा-दीड वर्षाने तो मला फोंड्याच्या बाजारात भेटला. ओळखलं त्यानेच. एका गोदामात लागला होता. म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी तुमच्याशी बोलतच नव्हतो." कोणाशी बोलत होता ते मी विचारलं नाही.

1980 साली अमेरिकेत रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी एक प्रयोग केला. काही जणांच्या चेहऱ्यावर रंगाने व्रण काढला, आरशात दाखवला आणि सांगितलं, आता अनोळखी माणसाशी बोला, तो तुमच्याशी कसा वागतो बघा. खोलीत सोडण्याआधी व्रण सुकू नये म्हणून क्रीम लावतो असं सांगून तो गुपचूप पुसून टाकला. चेहरा कोरा, पण बोलून आलेली माणसं सांगत होती की समोरचा टक लावून बघत होता, अवघडला होता. हा प्रयोग हल्ली पुष्कळ लोक "बघा, भेदभाव सगळा मनातच असतो" हे सिद्ध करायला वापरतात. मला त्या लोकांचा राग येतो. थोरात-अ‍ॅटवेलच्या कागदांना कुठे मन होतं? मी तो प्रयोग तुला सांगते तो वेगळ्यासाठी. मागच्या कंपनीने तुझी दोन महिन्यांची रक्कम बुडवली, हा तुझा व्रण खराच आहे. पण पुढच्या कंपनीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. तू जेव्हा कपाळाला हात लावून बोलतोस तेव्हाच त्याला वाटतं की इथे काहीतरी आहे.

दोष बाहेर दिल्याने माणूस सावरतो, हेही खरं आहे. जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी 1991 साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला. पलीकडच्या खोलीतला गोरा विद्यार्थी त्यांच्याबद्दल मत देणार होता. कधी मधल्या काचेचा पडदा वर, म्हणजे तो त्यांना पाहू शकतो, कधी खाली. पडदा वर असताना वाईट मत मिळालं तर ते मनाला कमी लागलं, कारण "मी काळा म्हणून" असं म्हणायची सोय होती. इथवर तुझ्या बाजूचं. पण पडदा वर असताना चांगलं मत मिळालं तेव्हाही ते मनाला लाभलं नाही. स्वतःबद्दलचं मत उलट घसरलं, कारण कौतुकावरही विश्वास बसेना. तुझ्या पत्रात असंच एक आहे. एका पॅनेलने तुझ्या स्टॉक रजिस्टरची तारीफ केली आणि तू लिहिलंस, "तोंडावर गोड बोलायचं म्हणून बोलले." कशावरून, बाबा? कदाचित रजिस्टर खरंच चांगलं असेल.

भावाच्या "अ‍ॅटिट्यूड" या शब्दावरही माझा विश्वास नाही. आमच्या शेऱ्यांत हा शब्द आला की त्यामागे काहीही असू शकायचं. उशिरा आला. पगाराचं आधी विचारलं. ओव्हरटाइम दुप्पट दराने देता का, असं विचारलं. तो दर कायद्यातच आहे, विचारायलाच हवं, पण साहेबांना झोंबलं. साहेबांच्या विनोदाला हसला नाही. इंग्रजीत अडखळला आणि मग गप्प झाला, तर तो "उर्मट". या शेवटच्याने आपल्याकडच्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान केलं. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर पाचवीपासून इंग्रजीत जातं, पुस्तक वाचून समजतं, बी.कॉम. होतं, पण बोलायची सवय नसते; प्रश्न कळतो, उत्तर येतं, वाक्य जुळेपर्यंत समोरचा घड्याळ बघतो. मग पोराचा चेहरा दगडासारखा होतो आणि आम्ही लिहितो, कॉन्फिडन्स नाही, अ‍ॅटिट्यूड. म्हणून भावाला विचार: नेमकं काय दिसतं तुला? मी हात कुठे ठेवतो, आवाज चढतो का, कोणाचं बोलणं तोडतो का? त्याला दोन गोष्टी सांगता आल्या तर त्या घे. शब्दच परत परत म्हणाला तर सोडून दे.

चार मुलाखतींसाठी मी सांगेन ते हे. फोनवर रेकॉर्डिंग लावून "मागची नोकरी का सोडली" याचं उत्तर दे आणि ऐक. चाळीस सेकंदांच्या वर गेलं तर कात्री लाव. "कंत्राट संपलं, पुढे वाढवलं नाही. दोन वर्षांत स्टॉकचा ताळा, जीएसटीची बिलं आणि टॅलीतल्या नोंदी मी बघत होतो. तेच काम कायमच्या जागेवर करायचंय." संपलं. बुडालेल्या पैशांबद्दल मुलाखतीत एक अक्षर नको. त्याची जागा कामगार आयुक्तालय आहे, तिथे पगारपत्रकं आणि हजेरीचे कागद घेऊन जा आणि लेखी तक्रार दे. इतके महिने तू ती कैफियत ज्यांना ऐकवलीस त्यातल्या कोणाच्याही हातात ती सोडवणं नव्हतं, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे तू गेलाच नाहीस. इंग्रजीचं म्हणशील तर सुरुवातीलाच सांग: "कामाचं तपशीलवार मी कोकणीतून किंवा मराठीतून जास्त नीट सांगू शकेन, चालेल का?" दहातले सात जण हो म्हणतात. आम्हालाही इंग्रजीचा कंटाळा येतोच.

सरकारी नोकरीबद्दल तू दोनच ओळी लिहिल्या आहेत, मीही थोडक्यात आवरते. पूर्वी प्रत्येक खातं आपापली भरती करायचं आणि काय काय चालायचं ते गावागावात ठाऊक आहे. 2019 च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग आला, आता त्याच्यातर्फे संगणकावर परीक्षा होतात. 2024 च्या अखेरीस नोकरी लावून देतो म्हणून लाखांनी पैसे उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. तेव्हा कोणी "रेट" सांगत आला तर त्याला दारातून परत पाठव. त्यात पैसे गेलेल्यांमध्ये शिकलेसवरलेलेही होते. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी येणं, या दोन गोष्टी आधी तयार ठेव. सरकारी परीक्षेत अन्याय झाला असं वाटलं तर तिथे वाटण्यावर थांबायची गरज नाही: 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा हक्क मान्य केलाय. अर्ज कर, 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर अपील. खासगी कारखान्याला हा कायदा लागत नाही. आमची पिवळी चिठ्ठी म्हणूनच कधी कोणाला दिसली नाही.

सोयरीक. मुलीकडच्यांनी "नोकरी कायमची नाही" म्हणून नाही म्हटलं. हे तू अन्यायाच्या यादीत घातलंस, ते काढ. नोकरी देणाऱ्याने सगळ्यांना एका मापाने मोजायला हवं, अशी मागणी मी हक्काने करेन. लग्नाला तसं माप नाही. तिने नाही म्हटलं, तिचा तो अधिकार. तिच्या बापाने जातीवरून किंवा देण्याघेण्यावरून मोडलं असतं तर मी वेगळं बोलले असते, पण तुझ्या पत्रात तसं काही नाही.

मित्रांचं मात्र लागतं, आणि ते नोकरीपेक्षा खोल लागतं. किपलिंग विल्यम्स यांनी चेंडू झेलायचा एक साधा संगणकी खेळ रचला आहे. तीन खेळाडू, थोड्या वेळाने दोघं आपापसातच चेंडू फेकतात, तिसऱ्याला देत नाहीत. समोर माणसं नसून संगणकच आहे असं सांगितलं तरी वगळलेल्याला वाईट वाटतं. तेव्हा तुला लागलं यात कमकुवत असं काही नाही. पण सात जणांच्या गटात "मला का नाही बोलावलं" असं लिहू नकोस. गटात कोणीच उत्तर देत नाही, सगळे अंगठा दाखवून गप्प बसतात. त्यातल्या एकाला, ज्याच्याशी तुझं सर्वांत जुनं आहे त्याला, चहाला बोलाव आणि विचार. मला वाटतं तो म्हणेल की गेल्या वर्षभरात तू प्रत्येक भेटीत नोकरीचंच बोललास, किंवा खर्चाचं ऐकून तुला अवघड वाटेल म्हणून विचारलं नाही. दुसरं कारण निघालं तर ते तुझ्यावरचं प्रेमच होतं, फक्त मूर्खपणाने केलेलं. माझा अंदाज चुकीचाही ठरेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता मामा. वशिल्यावर दीड पान लिहून शेवटी मामांची ओळख लावू का असं विचारलंस, तेव्हा मी जरा हसले. राग मानू नकोस, माझी पहिली नोकरीही काकांच्या ओळखीतूनच लागली. खासगी कंपनीत आतल्या माणसाने नाव सुचवणं ही रीतच आहे. त्याने तुझा अर्ज उलटा पडायचा वाचतो, एवढंच. मामांना सांग की जागा निघाल्यावर फक्त इतकंच बोला: माझा भाचा आहे, स्टोअरचं काम येतं, अर्ज बघा. चाचणी आणि मुलाखत तू इतरांसारखी दे. आणि मामांनी फोन करायचा तो मुलाखतीच्या आधी. मुलाखत झाल्यावर "आपल्या पोराचं काय झालं?" म्हणून फोन आला की मी अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक "फो" लिहायची. साहेब आधी तो कोपरा बघायचे, मग गुण.